मुंबई मॅरेथॉनची तयारी : मित्रांची सोबत हवी, पण डोळस

पावसाळा सुरू झाला की आमच्या दवाखान्यात दोन प्रकारची गर्दी वाढते. एक सर्दी-तापाची, ती नेहमीचीच. दुसरी अलीकडच्या काही वर्षांतली. चांगली धडधाकट माणसे केसपेपर काढून बसतात आणि नंबर आला की खिशातून घडी घातलेला कागद पुढे करतात. "डॉक्टर, बाकी काही नाही, या फिटनेस सर्टिफिकेटवर सही तेवढी करा. जानेवारीत मुंबईला पळायचंय."

दोन वर्षांपूर्वी असेच एक गृहस्थ आले. आपण त्यांना अण्णा म्हणू. वय ४९, नोकरी खुर्चीवरची. शेजारच्या मित्राने ओढून कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर नेले, तिथे आठ-दहा जणांचा गट भेटला आणि चालणारे अण्णा पळू लागले. चार महिन्यांत वजन सात किलोने उतरले, झोप सुधारली, तंबाखू सुटली. रविवारी पहाटे गंगापूर रस्त्याने सोमेश्वरच्या पुढेपर्यंत पळायचे आणि येताना सर्वांनी मिळून मिसळ खायची. हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की सही करायला माझा हात आपोआपच पेनाकडे गेला.

सवयीने दोन प्रश्न विचारले. वडील? "बावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले." छातीत कधी काही जाणवते? "तसं काही नाही हो. पांडवलेणीच्या पायऱ्या पळत चढलो की जरा जड वाटतं. थांबलं की जातं. मित्र म्हणाले, सुरुवातीला सगळ्यांनाच होतं, पळत राहा, मोकळं होईल."

मी पेन खाली ठेवले. साधा ईसीजी काढला, तो व्यवस्थित आला. पण तेवढ्यावर न थांबता त्यांना स्ट्रेस टेस्टसाठी पाठवले. पट्ट्यावर चालता चालता सहाव्या मिनिटाला ती थांबवावी लागली. पुढे अँजिओग्राफीत एक महत्त्वाची रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली आढळली.

अण्णांचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी ज्यांच्या घरात यंदा मुंबईचे वारे शिरले आहे, त्यांच्यासाठी तयारीच्या चार गोष्टी.

हे अंतर साधे नव्हे

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हे अंतर धावले गेले आणि १९२१ मध्ये तेच कायमचे ठरले. त्याच्या आदल्या वर्षी, १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये, आपल्या बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि १९ वे आले. आपल्या जिल्ह्यातील हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत हिने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली. शाळेत असल्यापासून वर्षानुवर्षे केलेल्या सरावाचे ते फळ होते. चाळिशीनंतर बूट घेतलेल्या आपल्यासारख्यांनी तेच अंतर पाच-सहा महिन्यांत कापायचे ठरवावे, यात गैर काही नाही. पण हिशेब नीट मांडला पाहिजे.

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि आता ती जानेवारीतील तिसऱ्या रविवारी होते. तिथे पूर्ण मॅरेथॉनखेरीज अर्धी, म्हणजे २१ किलोमीटरची, आणि १० किलोमीटरची शर्यतही असते. माझे स्पष्ट मत असे, की ज्याला पळू लागून वर्ष झाले नाही त्याने पूर्ण मॅरेथॉनचा विचार करू नये. आधी १० किलोमीटर, मग एखाद-दुसरी अर्धमॅरेथॉन, आणि त्यानंतर ४२. हृदय आणि फुफ्फुसे सहा-आठ आठवड्यांत सरावतात. हाडे, स्नायुबंध आणि सांध्यांना मात्र कित्येक महिने लागतात. दम टिकतो म्हणून माणूस पळत सुटतो आणि नडगी किंवा गुडघा धरून आमच्याकडे येतो, त्याचे कारण हेच.

सही करण्यापूर्वी

तरुण, निरोगी माणसाला फारशा तपासण्या लागत नाहीत. पण वय चाळीसच्या पुढे, रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, तंबाखू-सिगारेट, किंवा जवळच्या नात्यात कमी वयात हृदयविकार अथवा अचानक मृत्यू, यांपैकी काहीही असेल तर सराव वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल, ईसीजी आणि गरजेनुसार स्ट्रेस टेस्ट किंवा टूडी इको करावा लागतो. बायकांमध्ये रक्त कमी असणे फार आढळते. "मला दमच नाही" म्हणून पळणे सोडून देणाऱ्या कित्येक भगिनींना खरी गरज लोहाच्या गोळ्यांची असते.

विश्रांतीच्या वेळचा ईसीजी चांगला आला म्हणजे सगळे ठीक, असे मात्र समजू नका. अण्णांचा ईसीजी चांगलाच होता. त्यांच्या आजाराची खूण कागदावर नव्हती, त्यांनी सांगितलेल्या एका वाक्यात होती. श्रम केले की छातीत जड वाटणे, आवळल्यासारखे होणे, ते जबड्यात, खांद्यात किंवा डाव्या हातात उतरणे आणि थांबल्यावर कमी होणे, हे 'सुरुवातीला सगळ्यांना' होत नाही. पळताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, भोवळ येऊन पडणे, छातीत वेडीवाकडी धडधड होणे, नेहमीच्या वेगालाही अचानक फार धाप लागणे, यांपैकी एक जरी घडले तरी त्याच दिवशी पळणे बंद आणि डॉक्टर गाठायचा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर लांब पळताना फार खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडीचा वेग वाढतच नाही, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातील आकड्यावर विसंबता येत नाही. औषधांचा मेळ डॉक्टरांनी बसवायचा आहे, मित्रांनी नव्हे.

जानेवारीपासून मागे मोजा

शर्यतीच्या तारखेपासून मागे मोजले की सरावाचे वेळापत्रक आपोआप सापडते. आधीच ५-६ किलोमीटर सहज पळणाऱ्याला अर्धमॅरेथॉनसाठी १६ आठवडे पुरेसे असतात, म्हणजे सप्टेंबरअखेर सुरुवात. पूर्ण मॅरेथॉन करायची तर जुलैपासून सराव हवा.

आठवड्यातून चार दिवस पळावे. त्यातला रविवार लांबच्या अंतराचा. दोन दिवस मांड्या, कंबर आणि पोटाच्या स्नायूंचे व्यायाम करावेत. उठाबशा, जिना चढणे, पोटऱ्यांवर उभे राहणे हे घरच्या घरी होते. एक दिवस पूर्ण विश्रांती. आठवड्याचे एकूण अंतर ढोबळपणे एक दशांशाहून अधिक वाढवू नये, आणि दर चौथ्या आठवड्यात ते मुद्दाम कमी करावे. शरीर पळताना झिजते आणि विश्रांतीत भरून येते. विश्रांतीचा दिवस चुकवणारा सराव करत नाही, फक्त झीज वाढवतो.

वेग किती असावा? सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. एकेक शब्द तोडून बोलावा लागत असेल तर वेग जास्त आहे. रविवारचे लांब पळणे सारेच या गप्पांच्या वेगाने करावे. पूर्ण मॅरेथॉनसाठी सर्वांत लांब सराव ३० ते ३२ किलोमीटरचा, आणि तोही शर्यतीच्या तीन आठवडे आधी, म्हणजे डिसेंबरअखेर उरकावा. त्यानंतर अंतर उतरवत न्यायचे. शेवटच्या आठवड्यात राहून गेलेला सराव भरून काढू पाहणारा दमलेले पाय घेऊन मुंबईला जातो.

आपल्याकडे सरावाचा काळ आणि डेंग्यू-चिकुनगुन्याचा काळ एकच पडतो. अंगात ताप असताना पळणे हे शौर्य नव्हे. विषाणूच्या तापात कधी कधी हृदयाच्या स्नायूलाही सूज येते आणि तशात श्रम केल्यास जिवावर बेतू शकते. ताप पूर्ण जाऊन, जेवण आणि ताकद पूर्ववत झाल्यावर आधी चालणे, मग सावकाश पळणे. चुकलेले दोन आठवडे चुकले, असे समजून पुढे जावे.

बूट आणि दुखणी

बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाऊल थोडे सुजलेले असते. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी हवी. साधारण ६०० ते ८०० किलोमीटरनंतर तळवा बसतो, वरून बूट नवा दिसला तरी. शर्यतीच्या दिवशी कोरे करकरीत बूट घालू नयेत. जांघेत आणि काखेत घासते तिथे व्हॅसलिन लावावे.

अंग ठणकणे आणि दुखापत यांतला फरक ओळखावा. दोन्ही पाय सारखेच दुखत असतील आणि दोन दिवसांत कमी होत असेल तर तो ठणका. एकाच जागी, बोटाने दाखवता येईल असे दुखत असेल, पळताना वाढत असेल किंवा त्यामुळे लंगडावे लागत असेल तर थांबावे. दुखणे दाबण्यासाठी गोळी घेऊन पळणे ही अतिशय वाईट सवय आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या आणि अंगातले कमी झालेले पाणी, या दोन गोष्टी एकत्र आल्या की मूत्रपिंडांवर ताण पडतो.

हा उपदेश मी अनुभवातून करतो. एकावन्नाव्या वर्षी पळायला लागलो तेव्हा तिशीतल्या मंडळींच्या मागे धावलो आणि नडगीच्या हाडाच्या दुखण्याने सहा आठवडे घरी बसलो. पेशंटला दिलेला सल्ला डॉक्टरने स्वतः पाळावा, एवढे त्यातून शिकलो.

खाणे आणि पाणी

स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण दीड-दोन हजार कॅलरींची असते. ६५ किलोच्या माणसाला एक किलोमीटर पळायला अंदाजे ६५ कॅलरी लागतात. गुणाकार केला की दिसते, तिसाव्या किलोमीटरच्या आसपास कोठार रिकामे होते. तिथे पाय शिशासारखे जड होतात, डोके बधिर होते. म्हणून आधीचे दोन-तीन दिवस भात, पोळी, बटाटा, केळी थोडे अधिक खावे. तळलेले आणि फार तिखट टाळावे. पळताना दर तासाला केळे, खजूर, चिक्की, गुळाचा खडा असे काहीतरी पोटात जावे. जे शर्यतीत खाणार ते रविवारच्या सरावात आधी खाऊन पाहा. मुंबईत वाटेत कोणी दिलेले नवे काही पहिल्यांदाच खाऊन पोट बिघडवून घेऊ नका.

पाण्याच्या बाबतीत दोन्ही टोकांना धोका आहे. कमी पाण्याचे दुष्परिणाम सर्वांना ठाऊक असतात, जास्तीचे नसतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी झालेले आढळले. शर्यतीच्या शेवटी ज्यांचे वजन सुरुवातीपेक्षा वाढले होते, त्यांच्यात हे अधिक होते. म्हणजे घामाने गेले त्याहून अधिक पाणी ते प्याले होते. सोडियम फार उतरले की मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा आणि क्वचित झटके येतात. तहान लागेल तसे घोट घोट प्यावे आणि लांब अंतरात मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस ठेवावे. रविवारी पळण्याआधी आणि नंतर वजन करून पाहिले की आपला घाम किती जातो याचा अंदाज येतो.

नाशिकची थंडी, मुंबईचा घाम

नाशिककरांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. डिसेंबर-जानेवारीत आपण १० अंशांच्या आसपासच्या कोरड्या हवेत सराव करतो. वेग सुरेख येतो, घाम वाळून जातो आणि माणसाला वाटते की आपली तयारी झाली. मुंबईत त्याच पहाटे हवा बरीच उबदार आणि दमट असते. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. परिणामी त्याच वेगाला हृदयाला अधिक काम पडते.

म्हणून नाशिकमधला वेग मुंबईत धरू नये. पहिला तास तर मुद्दाम हळू जावे. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत काही दिवस पहाटेऐवजी ऊन वर आल्यावर, बेताने पळून उष्णतेची सवय करावी. पेडर रोडचा चढ धावपटूंच्या तोंडी नेहमी असतो. त्या वर्षीचा मार्ग नकाशावर पाहून ठेवावा आणि चढावर चालायला लाजू नये.

शनिवारी रात्री उशिरा गाडीने निघून, कसाऱ्याचा घाट उतरून थेट शर्यतीला उभे राहणारे महाभाग मी पाहिले आहेत. शुक्रवारी रात्री चांगली झोप घ्यावी आणि शनिवारी दुपारपर्यंत मुंबई गाठावी. शर्यत संपल्यावर एकदम बसू नये, दहा मिनिटे चालावे. आणि परतताना स्वतः गाडी चालवू नये.

पळताना कोणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग तापलेले लागले, तर तो उष्माघात समजावा. ताबडतोब सावलीत घ्यावे, जास्तीचे कपडे काढावेत, अंगावर बर्फाचे गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि वैद्यकीय पथकाला बोलवावे. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

मित्रांचे काम

एकट्याने पहाटे पाचला उठणे कठीण. पण कोपऱ्यावर कोणीतरी आपली वाट पाहत उभे आहे, हे ठाऊक असले की पांघरूण बाजूला होते. गप्पांमुळे वेग बेताचा राहतो, अंधारात कुत्री आणि वाहनांपासून संरक्षण मिळते. माझ्या गोळ्यांनी जे वजन उतरले नाही ते गटाने उतरवले, अशी उदाहरणे मला ठाऊक आहेत.

पण याच सोबतीत एक चूक दडलेली असते. कोण किती मिनिटांत पळाले याचे आकडे सकाळीच सर्वांच्या मोबाइलवर फिरतात. मागे राहिलेल्याला "चल रे, काही होत नाही" म्हटले जाते, आणि तो भिडेखातर आपले दुखणे बोलत नाही. अण्णांनी मला नंतर सांगितले, "मी गटात एकदाच बोललो. हसले सगळे. मग पुन्हा बोललो नाही." ते मित्र वाईट नव्हते. कशावर हसू नये, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

अमेरिकेत २००० ते २०१० या काळात पूर्ण आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंची पाहणी झाली. त्यात ५९ जणांचे हृदय बंद पडले आणि ४२ जण दगावले. म्हणजे हा धोका फार थोडा आहे. भिऊन घरी बसण्याचे कारण नाही. पण त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. जे वाचले त्यांच्यापैकी अनेकांच्या छातीवर आसपासच्या माणसांनी लगेच दाब द्यायला सुरुवात केली होती.

तेव्हा प्रत्येक गटाने तीन गोष्टी कराव्यात. पहिली, नवा माणूस आला की वय, आजार, औषधे आणि घरचा फोन विचारून ठेवावा. दुसरी, कोणी छाती, चक्कर किंवा धाप असे शब्द काढले तर त्या दिवशी त्याच्यासोबत एकाने थांबावे आणि त्याला डॉक्टरकडे पोहोचवावे. तिसरी, छातीवर दाब देण्याची क्रिया सर्वांनी शिकून घ्यावी. माणूस पडला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही, तर एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. मदत येईपर्यंत थांबू नये. एखाद्या रविवारी मिसळीला बसण्यापूर्वी अर्धा तास काढला तर हे शिकून होते. गटात एखादा डॉक्टर किंवा नर्स भेटतेच.

आता अण्णा. त्यांना स्टेंट बसवला. त्या जानेवारीत त्यांचा गट मुंबईला गेला, अण्णा घरी राहिले. तक्रार अशी नव्हती, पण डोळ्यांत पाणी होते. एका संध्याकाळी गटातले पाच जण माझ्या दवाखान्यात आले. त्यांतला एक खाली मान घालून म्हणाला, "डॉक्टर, पळत राहा असं मीच म्हणालो होतो. आता आम्ही काय करू?" मी म्हटले, "त्यांच्याबरोबर चाला."

हृदयरोगतज्ज्ञांनी आखून दिल्याप्रमाणे अण्णा रोज चालू लागले, आधी दहा मिनिटे, मग वीस. पाचांपैकी दोघे आळीपाळीने सोबत असत. स्वतःचा सराव सोडून, अण्णांच्या वेगाने. वर्षभराने पुन्हा स्ट्रेस टेस्ट झाली, परवानगी मिळाली आणि अण्णा मुंबईत १० किलोमीटर पळत-चालत पूर्ण करून आले. वेळ किती लागला ते मी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही.

परवा ते पुन्हा कागद घेऊन आले होते. सोबत एक नवा गडी होता, वय ४५. खुर्चीवर बसायच्या आत अण्णाच म्हणाले, "डॉक्टर, याची सही नंतर. आधी याला छातीचं विचारा."